सहा महिने कोणते?

अर्थपुरवण्यांतून, वाहिन्यांवरून आणि गुंतवणूक मेळाव्यांतून घराघराला पैशाचा सल्ला देणाऱ्या सर्व सल्लागारांस,



तुमचं लिखाण मी नेमाने वाचते. सोलापूर जिल्ह्यात बचत गटांची दप्तरं लिहायचं काम करत असल्याने गटातल्या बायका ते माझ्याकडून समजून घेतात आणि मग शंका विचारतात. त्यातल्या बऱ्याच शंकांचं उत्तर तुमच्या लेखात सापडत नाही. मी माझ्या परीने काही सांगते, पण प्रश्न मुळात तुमच्यासाठी आहेत, म्हणून हे पत्र. तुमच्या ज्ञानाविषयी आदर आहे. तक्रारही आहे, आणि ती गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही.

सुरुवात त्या सहा महिन्यांपासून करते. ‘सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका आपत्कालीन निधी आधी बाजूला काढा, मग गुंतवणुकीचं बघा’ हे तुम्ही इतक्यांदा लिहिलंय की गटातल्या पोरीसुद्धा आता ते पाठ म्हणून दाखवतात. ज्याचा पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात पडतो आणि ज्याचं मोठं संकट म्हणजे नोकरी जाणं, त्याला हा हिशेब बरोबर बसतो. दुसरी नोकरी मिळेपर्यंत सहा महिने धरले, झालं. आमच्याकडे मात्र मिळकत महिन्याने मोजतच नाहीत. ज्वारीच्या काढणीला रोज हाताला काम असतं, वैशाखात आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला कारखाना सुरू व्हायच्या आधीच मुकादमाकडून उचल मिळते आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो. म्हणजे मिळकत हातात येण्याआधीच खर्चून झालेली असते. द्राक्षवाल्याचा पैसा वर्षातून एकदा, तोही गारपिटीने दया केली तर. या माणसांनी सहा महिने धरायचे ते कोणते? सुगीचे की उन्हाळ्याचे?

आता तुमच्याच पद्धतीने आकडेमोड करू. घरखर्च महिना १५,००० रुपये. सहा महिन्यांचे झाले ९०,०००. कशीबशी महिन्याला ५०० रुपयांची शिल्लक पडते. म्हणजे निधी पुरा व्हायला १८० महिने लागणार, पंधरा वर्षं. त्या पंधरा वर्षांत एकही दुखणं, एकही नापिकी, एकही बाळंतपण येणार नाही असं धरायचं का? तुमच्या लेखात शून्य आणि ९०,००० यांच्या मधे एकही पायरी नाही. मग वाचणारी बाई म्हणते, हे आपल्याच्याने व्हायचं नाही, आणि वही मिटते. वास्तविक शास्त्र काय सांगतं? हाती काहीच नसणं आणि २,००० रुपये असणं यात जो फरक आहे, तो ८८,००० आणि ९०,००० यांत नाही. पहिल्या दोन हजारांत दवाखान्याची गाडी होते, सावकाराचं दार टळतं. पुढच्या प्रत्येक हजाराचं मोल उतरत जातं. हे तुम्हाला मी सांगायला नको. मग पहिल्या दोन हजारांवर तुम्ही लेख का लिहीत नाही?

शास्त्राचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून घेऊ. जॉन मेनार्ड केन्सने १९३६च्या ग्रंथात माणूस पैसा का राखतो याची आठ कारणं दिली. त्यांत पहिलं आहे अनपेक्षित संकटासाठीची तरतूद; लोभ अगदी शेवटी येतो. पुढे १९६८ साली हेन लेलंड यांनी गणिताने दाखवलं की उद्याची मिळकत जितकी अनिश्चित, तितकी माणसाची आजची बचत वाढते. मात्र त्याला एक अट आहे: वाईट दिवशी गेलेल्या शंभर रुपयांचं दुःख चांगल्या दिवसाच्या मानाने झपाट्याने वाढत जाणारं हवं. हातावर पोट असणाऱ्याला ही अट कुणी समजावून द्यावी लागत नाही. १९९०मध्ये माइल्स किंबॉल यांनी आणखी एक भेद केला. धोका नकोसा वाटणं ही एक गोष्ट आणि धोका येणारच हे धरून आज हात आखडता घेणं ही दुसरी. तुम्ही बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट मोजता. ‘तुमची जोखीम घेण्याची तयारी किती?’ अशी प्रश्नावली देता आणि गुण मांडता. ज्याची जोखीम आभाळ ठरवतं, त्याने त्या कागदावर कोणत्या चौकोनात खूण करायची?

यावरून एक गंमतही सांगावीशी वाटते. एका पानावर तुम्ही घरगुती बचत घटली म्हणून कान उपटता. देशाच्या सकल उत्पन्नाच्या तुलनेत कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१मध्ये साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती, ती २०२२-२३मध्ये पाच टक्क्यांच्या घरात आली, हे खरंच आहे. आणि दुसऱ्या पानावर लोक खर्च करत नाहीत म्हणून बाजार थंड, ही तुमचीच तक्रार. महामारीच्या वर्षी जी बचत फुगली तिच्यात बंद दुकानं किती आणि भीती किती, हे वेगळं काढून दाखवलं असतं तर काही उलगडलं असतं.

माझी मोठी तक्रार मात्र पुढची आहे. आमच्या बचतीच्या रीतींना तुम्ही हसता. सोनं म्हणजे मृत पैसा, शेळ्या-बैलांत अडकलेली पुंजी म्हणजे अडाणीपणा, भिशी म्हणजे टाइमपास. या रीतींवर जगातल्या मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांनी किती अभ्यास केलाय याचा तुम्हाला विसर पडलेला दिसतो. त्यातला बराचसा तर आमच्याच उंबऱ्यावरचा आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू इथे असलेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने १९७५पासून काही गावांत घरोघर जाऊन वर्षानुवर्षं नोंदी केल्या: पीक किती आलं, मजुरी किती मिळाली, घरात काय शिजलं, काय विकलं, काय उसनं आणलं. त्यांत सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आहे, अकोला जिल्ह्यातलं कान्झरा आहे, तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातलं औरेपल्ली आहे. प्रत्येक गावात चाळीस घरं, त्यांतली दहा भूमिहीनांची. या वह्यांमधून पुढे जे निघालं ते अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेलं.

रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली या नोंदींवरून दाखवलं की एखाद्या घराची मिळकत घसरली तरी त्याचं खाणंपिणं तितकं घसरत नाही. ते गावाच्या सरासरीबरोबर खालीवर होतं. म्हणजे हातउसनं, देणंघेणं, धान्य, शिल्लक अशा सगळ्यांतून गाव एकमेकाला बरंचसं सावरून घेतं. पुरतं नव्हे, आणि भूमिहीनाला तर सगळ्यांत कमी. पण माझ्या मते खरी गोम पुढे आहे. एका घरात आजारपण आलं तर शेजार धावतो. पाऊसच गेला तर शेजाऱ्याच्याही चुलीवर काही नसतं. जे संकट सगळ्यांवर एकदम येतं त्याला गावातलं गावात उत्तर नाही. ते उत्तर जिथे तुमचा पाऊस पडत नाही अशा ठिकाणी ठेवावं लागतं.

बैलांचंच बघा. मार्क रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३मध्ये याच गावांच्या नोंदींवरून मांडलं की मिळकत पडली की शेतकरी बैल विकतो आणि बरे दिवस आले की घेतो. म्हणजे बैल हे औतही आहे आणि शिल्लकही. परिणाम असा की शेताला जितके बैल लागतात तितके दावणीला राहत नाहीत. त्यात दुष्काळात सगळेच एकदम जनावरं बाजारात काढतात. चारा नाही, पाणी नाही, गिऱ्हाईक थोडं आणि दावं धरून उभे राहिलेले विकणारे पुष्कळ. मग भाव पडतो. नेमकी ज्या दिवशी पुंजी मोडायची, त्याच दिवशी ती अर्ध्यावर येते. त्यावर २०१५मध्ये राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाची मोड फारशी उरली नाही. कायद्याचं बरंवाईट हा निराळा वाद आहे. पण लाखो घरांच्या शिल्लकीची एक जागा त्या दिवशी हलकी झाली, ही बातमी अर्थाच्या पानावर यायला हवी होती. मला तरी ती तिथे दिसली नाही.

आता सोनं. सोन्याचा भाव शिरापूरला पाऊस पडला की नाही यावर ठरत नाही. गावातल्या साऱ्या बायका एकाच आठवड्यात सराफाच्या पायऱ्या चढल्या तरी भावात काही फरक पडत नाही. बैलावर मात करणारा गुण तो हाच. तुम्ही सोन्याला दरसालचा परतावा विचारता. गावातल्या बाईच्या दृष्टीने प्रश्न असा, की दुष्काळात हे किती किमतीला हाती येईल, किती तासांत येईल, आणि नवऱ्याच्या भावाने मागितलं तर ‘अंगावरचं आहे’ म्हणता येईल का. या तिन्ही कसोट्यांवर डोरलं आणि पाटल्या तुमच्या पंधरा वर्षांच्या सरकारी खात्यापेक्षा सरस ठरतात. सोन्यालाही किंमत मोजावी लागतेच. घडणावळ बुडते, मोडताना घट धरतात, चोरीची धास्ती असते. तेव्हा सल्ला द्यायचाच तर असा द्या: हॉलमार्क बघून घ्या, पावती जपून ठेवा, शक्यतो दागिन्याऐवजी वेढणं किंवा नाणं घ्या, मोडण्याआधी बँकेच्या सोनेतारण कर्जाची चौकशी करा. हा सल्ला तिच्या कामाचा आहे. ‘सोन्याचा मोह सोडा’ हा नाही.

यापुढचा अभ्यास ऐकून तुम्हाला कदाचित हसू येईल. रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९मध्ये दाखवलं की मुलगी लांबच्या गावी देण्यामागेही हाच हिशेब दिसतो. ज्या घरांची शेती जास्त बेभरवशाची, त्यांच्या सोयरिकी जास्त लांबच्या, आणि ज्यांची सोयरिक लांब, त्यांच्या घरचं खाणंपिणं वाईट वर्षीही कमी हलतं. दोन्ही गावांत पाऊस एकाच वर्षी जाईल असं नसतं ना. मुलीच्या आयुष्यावर असा विमा उतरवलेला मला आवडतो असं समजू नका. पण ज्यांनी हे केलं त्यांना ‘विविधीकरण’ शिकवायला तुम्ही निघालात, हे जरा जास्त होतं.

परताव्याच्या तुमच्या वेडाबद्दल आता थोडक्यात. स्टुअर्ट रदरफोर्ड यांनी विजयवाड्यातल्या झोपडपट्टीत फिरणाऱ्या ज्योती नावाच्या एका बाईची हकीकत लिहून ठेवली आहे. ती घरोघर जाऊन रोज पाच रुपये गोळा करायची, कार्डावर २२० चौकोन. कार्ड भरलं की १,१०० रुपयांतले १,००० परत द्यायची आणि शंभर स्वतःला ठेवायची. म्हणजे व्याज उणे, आणि तरीही बायका तिच्याकडे पैसे देत. उंबऱ्यावर येऊन, रोज, न चुकता कुणीतरी मागतंय आणि पैसा घराबाहेर सुरक्षित राहतोय, याची ती किंमत होती. आमच्याकडे पिग्मीवाला येतो तो याच गरजेपोटी. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८मध्ये रोजचे दोन आणे गोळा करायला सुरुवात केली तेव्हापासून ही गरज कुणापासून लपलेली नाही. शिवाय पश्चिम केनियातला एक प्रयोग २०१३मध्ये पास्कलिन दुपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी प्रसिद्ध केला. लोकांना कुलपाची साधी पेटी दिली, किल्ली त्यांच्याच हाती. त्या पेटीने आरोग्यासाठीची बचत वाढली. जिथे किल्ली प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःकडे ठेवली आणि पैसा एकाच कामाला बांधला, तिथे तसा गुण आला नाही. अडीअडचणीला उघडताच येत नाही अशा पेटीत अडीअडचणीचे पैसे कोण टाकेल? तुमच्या किती योजनांची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते, हे एकदा मोजून बघा.

म्हणूनच ‘आधी कर्ज फेडा, मग शिल्लक टाका’ हाही सल्ला सरसकट देऊ नका. सावकाराचं देणं असताना डब्यात पैसे ठेवणारी बाई तुम्हाला हिशेबात कच्ची वाटते. पण आज देणं फेडलं तरी उद्या तोच सावकार पुन्हा देईल, याची तिला खात्री नाही. हातातला पैसा तिचाच असतो. ती व्याज भरते ते या खात्रीसाठी. महाग पडतं खरं, पण त्याला बिनडोकपणा म्हणता येणार नाही.

आता जे तुम्ही लिहीतच नाही त्याकडे वळते. तुम्ही फंडांची तुलना पाव टक्क्यापर्यंत करता. गावातला पैसा जिथे जातो त्या पतसंस्थांना ठेवविम्याचं कवच नाही, हे किती वेळा लिहिलंत? १९६०मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर देशात ठेवविमा आला. १ जानेवारी १९६२पासून, तेव्हा मर्यादा १,५०० रुपये. फेब्रुवारी २०२०पासून ती पाच लाख आहे. बँकांना हा विमा आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही. दोन्हींच्या पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेलं असतं, काउंटर सारखंच दिसतं, एजंट दोन्हींकडचे ओळखीचेच असतात. पतसंस्था एखादा टक्का जास्त देते आणि तो टक्का कशाचा आहे हे ठेवीदाराला कुणी सांगत नाही. तुमच्या पानावर पतसंस्थेच्या जाहिराती असतात म्हणून तुम्ही गप्प बसता, असं मी म्हणणार नाही. पण तसं म्हणणारे आहेत.

बँकेचंही कवच असून पुरत नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मर्यादा पुढे वाढत गेली, पण मुंबईत ऑपरेशनची तारीख लागलेल्या घरांना तो पहिला हजार काय कामाचा होता? पैसा बुडाला नाही, नुसता अडकला. संकटासाठी राखलेल्या पैशाच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नाही. नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याचा कायदा त्यानंतर, २०२१मध्ये झाला. आजारपण नव्वद दिवस थांबत नाही, म्हणून सगळा आपत्कालीन पैसा एका दारात ठेवू नका, एवढी एक ओळ तुमच्या सहा महिन्यांच्या सूत्राला जोडायला काय हरकत होती?

शेवटची तक्रार जरा राजकीय वाटेल, पण ती पैशाचीच आहे. तुमच्या लेखांत प्रत्येक घराने आपलं संकट आपणच निस्तरायचं असतं. एकट्याने तरतूद करणं हा विम्याचा सगळ्यांत महाग प्रकार आहे, हे तुम्हाला ठाऊक असणार. महाराष्ट्राने हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं पसरली, १९७७मध्ये त्याचा कायदा झाला. आणि त्यासाठी पैसा उभा करायला १९७५पासून व्यवसाय कर लागला. तुमच्या पगारदार वाचकांच्या पगारचिठ्ठीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीला ३०० रुपयांची जी कपात दिसते, तिचं मूळ तिथे आहे. मुंबईच्या कचेरीतला पगार शिरापूरच्या पावसावर हलत नाही, म्हणून तो शिरापूरच्या दुष्काळात कामी आला. लांबची सोयरिक जे करते तेच, पण कुणाची मुलगी न देता. ‘करबचतीचे मार्ग’ या सदरात त्या दोनशे रुपयांचा उल्लेख नेहमी किरकोळ कपात म्हणून येतो. एकदा त्यांच्यावर पुरता लेख लिहा. खडीफोडीचं काम आणि आठवड्याची मजुरी मिळाली म्हणून किती बैल दावणीला राहिले असतील, याचा अंदाज तुमच्या तक्त्यांत कुठेच येत नाही. उपचाराची योजना, पीक विमा, रेशन यांचंही तेच. ही कवचं जिथे खरोखर वेळेवर पोचतात तिथे डब्यातला पैसा थोडा कमी असला तरी चालतो आणि माणूस बियाण्यावर, मुलीच्या शिक्षणावर खर्च करायला धजतो. जिथे ती कागदावर असतात तिथे घर आपली पुंजी आणखी घट्ट धरून बसतं. सहा महिन्यांऐवजी किती महिने लागतील, हे गावच्या दवाखान्यावर आणि विमा कंपनीच्या सवडीवर ठरतं. ते तपासल्याशिवाय आकडा सांगू नका.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. निधीचं सूत्र पगारदारासाठी वेगळं आणि हंगामी मिळकतीच्या घरासाठी वेगळं लिहा. दुसऱ्यात पहिली पायरी २,००० रुपयांची ठेवा आणि सुगीच्या आठवड्यात काढून ठेवायची रक्कम सांगा, दरमहाची नको. कोणतीही योजना सुचवताना परताव्याच्या शेजारीच छापा: मुदतीआधी मोडली तर हाती किती, किती दिवसांत, आणि रविवारी रात्री मिळेल का. पतसंस्था आणि बँक यांतला विम्याचा फरक वर्षातून दोनदा तरी ठळक अक्षरांत येऊ द्या, एकदा पाडव्याला आणि एकदा दिवाळीच्या आधी, कारण ठेवी तेव्हाच गोळा होतात. सोन्यावर लिहायचं असेल तर एक दिवस सराफकट्ट्यावर बसून, मोडायला आलेल्या बायकांशी बोलून लिहा. आणि पुढच्या मेळाव्याचं ठिकाण ठरवताना सोलापूरच्या हॉटेलाऐवजी मोहोळचा आठवडे बाजार विचारात घ्या. जनावरांच्या बाजूला सावली कमी असते, तेव्हा सकाळी लवकर या.



आपली,
बचत गटांची दप्तरं लिहिणारी एक वाचक,
जि. सोलापूर